चौथेपाणीकर

आमच्या मजल्यावर समोर राहणाऱ्या काकांचं आडनाव वेगळंच आहे, दारावर तशी पितळी पाटीही आहे. पण सोसायटीत त्यांना सगळे चौथेपाणीकर म्हणतात आणि हे त्यांना ठाऊक आहे. मला तर वाटतं, त्यांना ते आवडतं. एकदा कुणीतरी चुकून ‘तिसरेपाणीकर’ म्हणालं, तेव्हा जिन्यात थांबून त्यांनी दुरुस्ती केली होती.

चौथेपाणीकर ही एक जमात आहे. तुमच्याही ओळखीत तिच्यातलं कुणीतरी असणारच. रसिक म्हणवून घ्यायची हौस दांडगी, पण त्यापायी पाकीट उघडायची तयारी नाही. हा माणूस हापूस खाणार, पण अक्षय्य तृतीयेला नाही. वळीव होऊन भाव उतरला की खाणार, आणि वर सांगणार की खरी गोडी आत्ता भरते. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीचं तिकीट काढणार आणि म्हणणार, खुर्चीत बसून गाणं ऐकू येतं, भिनत नाही. यात ढोंग मात्र नसतं. चौथेपाणीकराला स्वस्तातलं खरोखरच गोड लागतं. भाव कळेपर्यंत त्याच्या जिभेवर चव उतरतच नाही.

अशा माणसाची गाठ चीनच्या सुट्या हिरव्या चहाशी पडावी, हे छत्तीस गुण जुळण्यासारखं आहे. या चहाची पानं एकदा पाणी ओतून टाकून द्यायची नसतात. त्यांच्यावर दुसऱ्यांदा पाणी ओततात, तिसऱ्यांदा ओततात, चौथ्यांदाही. आपल्याकडे चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी टाकणाऱ्याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही. तिकडे त्याला जाणकार म्हणतात.

काका वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात दर्जा तपासायला होते. निवृत्तीआधी कंपनीने त्यांना तीन वर्षं चीनला धाडलं, झेजियांग प्रांतात शाओशिंगजवळ, तिथून येणारे ओतीव भाग जागेवरच तपासायला. निघताना काकूंनी दोन किलो चहापूड, वेलदोडे आणि सुंठ बांधून दिली. दूध तिकडे मिळालं, पण खोलीत विजेच्या किटलीशिवाय काही नव्हतं. काकांनी किटलीतच दूध उकळलं. ते उतू गेलं, किटली आतून करपली, आणि खोल्या सांभाळणाऱ्या बाईंनी तिच्याकडे बोट दाखवून जे काही सांगितलं त्यातला एकही शब्द न कळता काकांना सगळं कळलं.

मग त्यांचं लक्ष बरण्यांकडे गेलं. कारखान्यात फिटरपासून मॅनेजरपर्यंत प्रत्येकापाशी फिरकीच्या झाकणाची एक काचेची बरणी. तळाला बोटभर हिरवी पानं आणि दिवसभर वरून गरम पाणी. सकाळी टाकलेली पानं संध्याकाळी घरी जाताना फेकायची. टॅक्सीवाल्याच्या गिअरजवळ तीच बरणी. आगगाडीत तर डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळच असतो, लोक बरण्या घेऊन रांग लावतात.

“मी मोजलं,” काका सांगतात. “गेटवरच्या रखवालदाराने एका चिमटीवर सात वेळा पाणी घेतलं. सात! आणि चेहऱ्यावर काय समाधान!”

बुद्धाला पिंपळाखाली जे झालं ते काकांना गेटवर झालं.

शाओशिंगजवळच पिंगश्वे नावाचं गाव आहे. तिथल्या चहाची पानं तापल्या कढईत परततात, म्हणजे ती काळी पडायची थांबतात, आणि मग वळून वळून त्यांच्या बारीक गोळ्या करतात. चिनी लोक त्याला ‘झूचा’ म्हणतात, मोत्यांचा चहा. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याच गोळ्यांना ‘गनपावडर’ म्हटलं. एकाच दाण्यात एकाला मोती दिसले, दुसऱ्याला बंदुकीची दारू. ज्याच्या डोक्यात जे. हा काही राजेशाही चहा नव्हे. मोरोक्कोत पुदिना आणि भरपूर साखर घालून रोज जो पितात तो हाच, जहाजं भरभरून तिकडे जातो. कामकऱ्यांचा, टिकाऊ, किंचित धुरकट आणि मुख्य म्हणजे स्वस्त. काकांनी एका म्हातारीकडून अर्धा किलो घेतला, ६० युआनला. तेव्हाच्या दराने सुमारे ६०० रुपये.

पुढचं गणित मला तोंडपाठ आहे, कारण ते मी निदान चाळीस वेळा ऐकलंय. एका वेळेला ३ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या किलोत १६६ चिमट्या. प्रत्येकीला चार पाणी, म्हणजे ६६४ पेले. पेल्याला नव्वद पैसे. “आणि कोपऱ्यावरचा अमृततुल्यवाला एका कपाला दहा रुपये घेतो! तेही एकाच पाण्याचे!”

पहिल्या खेपेला विमानतळावर हे सगळं हातचं जायची वेळ आली होती. पाकिटावर इंग्रजीत ठळक अक्षरांत ‘गनपावडर’ छापलेलं. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते दोन बोटांत धरून उचललं आणि विचारलं, हे काय? काका चहाचा इतिहास सांगू लागले तसा त्याचा चेहरा जास्तच गंभीर होत गेला. शेवटी त्यानेच विचारलं, “इडलीबरोबर खातात ती चटणी का?” काका क्षणभर थांबले. “हो,” म्हणाले. आयुष्यात एवढं एकच खोटं बोललो, असं ते सांगतात. हे दुसरं.

मला पहिलं आमंत्रण आलं ते एका रविवारचं, दुपारी चारचं. गेले तर काकू दारातच कानात म्हणाल्या, “आमचा चहा साडेचारला आत. आलं घालून ठेवते.” मग मोठ्याने, “अहो, ही आली बरं का.”

टेबलावर सोनार वापरतात तसला छोटा काटा, घड्याळ, तीन भांडी आणि एक वही. काका पाण्यापाशी उभे. आठव्या शतकात लू यू नावाच्या गृहस्थाने चहावर ग्रंथ लिहिला आणि त्यात पाण्याची प्रतवारी लावून ठेवली: डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं शेवटचं. काका हे गीतेसारखं मानतात. खडकवासल्याचं पाणी नदीचं खरं, पण ते पानशेत-वरसगावच्या डोंगरांतून येतं, म्हणून त्याला त्यांनी ‘उत्तम वजा’ असा शेरा दिलाय. बोअरचं पाणी म्हणजे विहीर. त्यामुळे महापालिकेचं पाणी बंद असलं की त्यांचा चहाही बंद असतो. घरी पाहुणे येऊन बसले तरी बंद असतो, आणि त्याचं खापर बाराशे वर्षांपूर्वीच्या चिनी माणसावर फोडता येतं. ही सोय मला फार आवडली.

“इकडे ये,” काका म्हणाले. “लू यूने लिहिलंय, पहिल्या उकळीचे बुडबुडे माशाच्या डोळ्यांएवढे. मी कधी माशाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. तू मालवणची. हे बघ आणि सांग.”

मी पातेल्यात वाकून पाहिलं. “कुठल्या माशाचे?”

काका गोंधळले. ग्रंथात तेवढा तपशील नव्हता.

“हे बांगड्याचे नाहीत अजून,” मी म्हटलं. “एखाद्या बारीक माशाचे असतील फार तर. थांबा जरा... हां, आले बांगड्याचे.”

त्यांनी वहीत ‘बांगडा’ असं लिहून पुढे वेळ टाकली. आता खरं म्हणजे लू यूच्या काळात पानं अशी पाण्यात सोडतच नव्हते. चहाच्या वड्या असत, त्या भाजून कुटायच्या, पाण्यात मीठ घालायचं आणि त्यात ती पूड उकळायची. सुट्या पानांचं युग पुढे सुरू झालं. १३९१ साली मिंग बादशहाने नजराण्यात चहाच्या वड्या नकोत, सुटी पानं आणा असं फर्मान काढलं, तेव्हापासून त्यांना जोर आला. हे मला काकांनीच सांगितलं. मग माशाचे डोळे कशाला मोजायचे, असं विचारलं तर म्हणाले, “तत्त्व तेच.” तत्त्व तेच म्हटलं की आपल्याकडे वाद संपतो.

हिरव्या चहाला उकळतं पाणी चालत नाही, ८० अंशांच्या आसपासचं लागतं. पाणी जेवढं कढत तेवढा पानांतला तुरटपणा जास्त सुटतो, आणि गोडवा देणारं जे असतं ते कोमट पाण्यातही उतरतं. “मेथी जास्त शिजवलीस तर काय होतं? तसंच,” हे काकांचं भाषांतर. थर्मामीटर त्यांनी घेतलेला नाही, कारण तो साडेचारशे रुपयांचा आहे. त्याऐवजी ते उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ओततात; दर ओतण्याला थोडं निवतं. वर एक गोष्ट ते आवर्जून सांगतात: पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी शंभराला नव्हे, अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. “दोन अंशांची सूट आहे आपल्याला,” काका म्हणतात. ‘सूट’ या शब्दावर त्यांचा आवाज हळुवार होतो.

मग तीन ग्रॅम. मंगळसूत्राच्या वाट्या तोलाव्यात तसं हे काम चालतं. एक गोळी जास्त पडली तर चिमट्याने उचलून परत डब्यात. मग गायवान. गायवान म्हणजे बिनकानाची, झाकणीची वाटी, खाली छोटी बशी. पानं वाटीत, पाणी वरून, आणि ओतताना झाकणी तिरकी धरून तीन बोटांनी वाटीची कड पकडायची. चिनी बायका हे इतक्या सहज करतात की बघत राहावं. मी केलं तेव्हा वाटी, झाकणी आणि पाणी तीन दिशांना गेलं आणि बोटं नळाखाली. काका धावत आले. “पानं सांडली नाहीत ना?” असं त्यांनी आधी विचारलं. नंतर बोटांबद्दलही विचारलं.

पेला माझ्यापुढे आला तो अर्ध्याहून जरा अधिक भरलेला. माझ्या आजीने असा कप पाहिला असता तर त्या घरी मुलगी दिली नसती. आमच्याकडे चहा बशीत उतरल्याशिवाय तो मनापासून दिला असं मानत नाहीत. पण चीनमध्ये उलटं आहे. पेला दहापैकी सात भागच भरायचा, काठोकाठ भरून दिला तर तो पाहुण्याचा अपमान. कढत पेला हातात धरता यावा हा त्यातला विचार. तीन भाग न देता आदर व्यक्त करता येतो, हे कळल्यावर काका त्या संस्कृतीपुढे कायमचे नतमस्तक झाले असावेत.

“हं, आता भुरका मार.”

मी सभ्यपणे घोट घेतला.

“तसा नाही. आवाज आला पाहिजे.”

चव घेणारे व्यावसायिक लोक चहा फुर्रकन ओढतात. हवेबरोबर तो तोंडभर पसरतो आणि वास मागच्या वाटेने नाकात चढतो. म्हणजे आमचे आजोबा ओटीवर बसून बशीत फुंकर घालून जो आवाज करायचे, आणि ज्यासाठी आजी त्यांना आयुष्यभर बोलली, ते शास्त्र होतं. चहाच्या चवीचं शास्त्र करणारे आणखीही आहेत. ब्रिटिशांच्या मानक संस्थेने चहा कसा करावा याचं सहा पानी मानक काढलं, बीएस ६००८ नावाचं, आणि त्याबद्दल १९९९ साली त्यांना इग नोबेल मिळालं. हा पुरस्कार हसू आणणाऱ्या कामाला देतात. काका मात्र ते मानक हसण्यावारी नेत नाहीत. दर्जा तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला सहा पानं कमीच वाटतात.

आता चवीचं सांगते, कारण इथे मला काकांना न्याय द्यायचा आहे.

पहिल्या पाण्याला गोळ्या नुसत्या तळाशी बसून होत्या. काहींना शेपट्या फुटल्या होत्या. पाणी फिकट पिवळं. वास ओल्या गवताचा, चव जवळजवळ नाहीच. “ही फक्त जाग आणली,” काका म्हणाले. काकूंचं यावरचं मत वेगळं आहे: “भांडी विसळल्याचं पाणी.”

दुसऱ्या पाण्याला गोळ्या उलगडल्या. झाकणी उचलून काकांनी माझ्या नाकाशी धरली आणि मी दचकले. हुरडा! गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कोवळ्या कणसाचा तो वास, कडेला जरासा धूर. घोट आधी तुरट लागला, हिरड्यांना जाणवेल इतका. पण गिळल्यावर थोड्या वेळाने घशाच्या तळातून काहीतरी गोड वर यायला लागलं. चिनी लोकांकडे याला खास शब्द आहे, ‘ह्वेगान’, परत येणारा गोडवा. मला शब्दाची गरज पडली नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मिठाचा आवळा खाऊन नळाला तोंड लावलं की जे व्हायचं, ते हेच.

“आवळा,” मी म्हटलं.

काकांनी पेला खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, जसं गुरुजी पहिल्यांदा सूर लागलेल्या शिष्येकडे पाहतात. मग वहीत लिहिलं: ‘आवळा. नव्वद पैसे.’

तिसरं पाणी दुसऱ्यापेक्षा मऊ, कमी धुराचं. मला तेच जास्त आवडलं. चौथं पाणी म्हणजे लग्न उरकून गेल्यावरचा मांडव. पण काका डोळे मिटून म्हणाले, “बघ, आता कसलीही घाई नाही त्याला.” आत काकूंनी मुद्दाम पातेलं आपटलं. आल्याचा वास आला आणि मी घाईने उठले.

काकांना दोन प्रकारच्या लोकांचा तिटकारा आहे. पहिले, वजनासाठी पिणारे. बागेत तीन फेऱ्या मारून येतात, उकळत्या पाण्यात पिशवी दहा मिनिटं बुडवतात, लिंबू पिळतात, मध घालतात, नाक दाबून गिळतात आणि मग म्हणतात, ग्रीन टी कडू असतो. “पिशवीत पान नसतंच गं, पान चाळल्यावर खाली पडतं ते असतं. आणि मी पोटासाठी पीत नाही,” असं म्हणताना काका पोट आत घेत नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. दुसरे, महागाचे पिणारे. हांगझोऊच्या पश्चिम सरोवराकाठचा लोंगजिंग हा चीनचा नावाजलेला हिरवा चहा. साधारण ५ एप्रिलला छिंगमिंगचा सण येतो, पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायचा दिवस. त्याच्या आधी खुडलेल्या कोवळ्या अंकुरांना वेड्यासारखा भाव येतो. पुढच्या पंधरवड्यात तेच झुडूप, तोच मळा, आणि भाव उतरतो. “म्हणजे हापूसच. आणि देवगडच्या पेटीत कुठला आंबा निघतो ते आपल्याला सांगायला नको, तसंच सरोवराच्या नावावर कुठला चहा विकला जातो ते तिकडच्यांना सांगायला नको.” या विषयावर काका अर्धा तास बोलू शकतात. लोंगजिंग त्यांनी चाखला होता का, हे त्या अर्ध्या तासात येत नसे.

चिनी मालाला कुणी नाव ठेवलं की ते सोलापूरच्या डॉक्टर कोटणिसांना मध्ये आणतात. १९३८ साली आपला माणूस तिकडे जखमी सैनिकांची सेवा करायला गेला, १९४२ मध्ये तिथेच गेला, ते लोक अजून त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात, आणि तुम्ही चहाला नावं ठेवता! यापुढे कुणाला बोलताच येत नाही. पण जून २०२० मध्ये सीमेवर चीनशी चकमक झाली आणि कोटणीसही कामी येईनात. सोसायटीच्या गटावर रोज बहिष्काराचे निरोप, कुणाच्या बाल्कनीतून चिनी दिव्यांच्या माळा खाली आलेल्या. काकांनी एका रात्री चहा पाकिटातून काढला आणि काकूंच्या गोड्या मसाल्याची वर्षाची बरणी रिकामी झाली होती, तिच्यात भरला. बरणी धुतली होती, असं त्यांचं म्हणणं.

चहा वास ओढून घेतो. अत्तराच्या बाटलीशेजारी ठेवाल तर अत्तर होतो. मोगऱ्याचा चहा असाच करतात, फुलं आणि पानं रात्रभर एकत्र ठेवून. त्या बरणीत वर्षभर धने, तीळ, खोबरं, दगडफूल आणि हिंगाचे खडे एकत्र नांदले होते.

महिनाभराने काकांनी मला आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांना मास्क लावून गच्चीत बोलावलं, अंतर राखून. पहिल्याच भुरक्याला त्यांचा चेहरा उजळला. फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरात एक ऊलाँग चहा होतो, त्याच्या चवीत म्हणे खडक लागतो, आणि ती चव ओळखता येणं ही मोठी पायरी मानतात. “आहे,” काका कुजबुजले. “यात खडक आहे. स्पष्ट खडक. चहा मुरला की अशी खोली येते बघा.” खालच्या मजल्यावरचे दोघे माना डोलवत म्हणाले, खडक आहे.

काकू पापड वाळत घालत होत्या. त्यांनी एक घोट घेतला.

“दगडफूल आहे ते,” त्या म्हणाल्या. “आणि हिंग जास्त झालाय.”

कुणी हसलेलं दिसलं नाही, मास्क होते. काकांनी ती बरणी फेकली मात्र नाही. तीनशे ग्रॅम होता. सप्टेंबरपर्यंत त्यांनी तो संपवला, कटाच्या आमटीचं पाणी प्यावं तसा, आणि एकदाही तक्रार केली नाही. मला तेव्हा त्यांच्याबद्दल खरा आदर वाटला.

पुढची पाच वर्षं हलाखीची गेली. थेट विमानं बंद, जुने सहकारी येईनात. इकडच्या दुकानांतून मिळणारा चहा दसपट भावाचा, म्हणून बेचव. कुणी सिंगापूरमार्गे आलं की पाव किलो मिळायचा. त्या काळात चौथ्या पाण्याचं सहावं झालं. वापरलेली पानं काकू गुलाबाच्या कुंडीत घालायच्या, त्यावरही वाद. काकांनी त्या पानांची दाण्याचं कूट, मिरची आणि लिंबू घालून कोशिंबीर करून दाखवली. वाईट नव्हती. पण गुलाब नाराज झाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट विमानं पुन्हा सुरू झाली आणि थंडीत त्यांचा एक जुना चिनी सहकारी पुण्याला कामासाठी आला. येताना त्याने भेट आणली. गोळ्यांचा चहा नव्हे. हिरव्या रेशमी पेटीत ५० ग्रॅम लोंगजिंग, छिंगमिंगच्या आधी खुडलेला, सरोवराकाठचा. चपटी, सारख्या लांबीची, पुस्तकात दाबून ठेवल्यासारखी पानं. काकांनी दोन हातांनी पेटी घेतली, आभार मानले आणि जेवण झाल्यावर, अगदीच राहवेना म्हणून, किंमत विचारली. तिकडे असं विचारायला कुणी लाजत नाही. चारशे युआन.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. काका वही घेऊन बसले होते, रात्री नीट झोप न झालेल्या माणसासारखे. “पाच हजार रुपये,” म्हणाले. “ग्रॅमला शंभर. एका वेळेला तीनशे. चार पाण्यांत पेल्याला पंचाहत्तर.” काचेच्या ग्लासात पाणी आधी, पानं वरून, असं सगळं यथासांग झालं. पानं उभी तरंगली, मग एकेक करून खाली उतरली. मी घोट घेतला. ताजे भाजलेले चणे, त्यामागे लोण्यासारखं काहीतरी, आणि तुरटपणा शोधूनही नाही. मी काहीच बोलले नाही. काय बोलणार.

काकांनी घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला.

“कसा आहे?” काकूंनी विचारलं.

त्यांनी गिळला. “दहा,” ते म्हणाले. मला वाटलं दहापैकी दहा. तर म्हणाले, “एका घोटाचे दहा रुपये झाले.”

मग ते पाणी ओतत राहिले. पाचवं, सहावं. दर पेल्याला वहीत भागाकार. दहा रुपयांवर आणायचा तर तीस पाणी लागतील हे त्यांनी सुरुवातीलाच काढून ठेवलं होतं. लोंगजिंग नाजूक असतो, तीन पाण्यांत त्याचं सगळं देऊन झालेलं असतं. नवव्या पेल्याला ग्लासात दिसत होतं ते खडकवासल्याचं पाणी, उत्तम वजा. काका तेहतीस रुपयांवर थांबले. “गोडवा आहे अजून,” म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. संध्याकाळी त्यांनी डब्यातल्या जुन्या गोळ्या काढल्या, धुरकट, नव्वद पैशांच्या, आणि दुसऱ्या पाण्याला त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर आला.

उरलेला लोंगजिंग आमच्या फ्रीजमध्ये आहे. त्यांच्या फ्रीजमध्ये यंदाचा गोडा मसाला आहे, आणि आमच्याकडे बांगडा असला तरी माझ्या काचेच्या बरणीचं झाकण पक्कं आहे, हे त्यांनी स्वतः हुंगून पाहिलं. बरणीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘४७ ग्रॅम’. आज भरेल ४१. मी दोनदा केला, दुपारी, घरात कुणी नसताना. दोन्ही वेळा फक्त पहिलं पाणी प्यायले आणि पानं कुंडीत टाकली. आमच्या मजल्यावर ये-जा असणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर कृपा करून समोरच्या दारी बोलू नये.